मदत हवी आहे : चित्रपटाच्या करारात 'रॉयल्टीवर दावा करणार नाही' असं कलम आहे, सही करावी का?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, एकांकिका लिहिते. आमच्या एका एकांकिकेचा सायंटिफिक सभागृहातला प्रयोग पाहून मुंबईच्या एका निर्मिती संस्थेने त्यावर मराठी चित्रपट करायचं ठरवलंय. कथा, पटकथा, संवाद तिन्ही माझ्याकडे. काल ईमेलवर करारनामा आला, सोबत 'सोमवारपर्यंत सही करून स्कॅन पाठवा' असा निरोप. मानधन दोन लाख. सही करताना 10 टक्के, पहिल्या मसुद्याला 20, अंतिम मसुद्याला 30 आणि उरलेले 40 टक्के चित्रपट प्रदर्शित झाल्यावर.

सातवं कलम मात्र काही केल्या पचत नाहीये : "लेखिका सदर कलाकृतीचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, जगभरासाठी व कायमस्वरूपी निर्मात्यास देत असून यापुढे कोणत्याही रॉयल्टीवर दावा करणार नाही." फोन करून विचारलं तर, 'स्टँडर्ड भाषा आहे मॅडम, सगळेच सही करतात.'

रॉयल्टी अशी लिहून सोडता येते का? चित्रपट उद्या ओटीटीवर किंवा टीव्हीवर गेला तर मला काही मिळायला हवं का? आणि मूळ एकांकिकेचं काय? ती आमची मुलं अजून करताहेत. हे काम मला मनापासून हवं आहे, त्यामुळे 'सोडून द्या' हा सल्ला नको. काय बदलून मागू ते सांगा.

प्रतिसाद १

ताई, सातव्या कलमातलं रॉयल्टीचं वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली, त्यात कलम 18 ला जोडलेला भाग वाचा. चित्रपटात वापरलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, चित्रपटगृहातलं प्रदर्शन वगळता इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला (लेखकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) देता येतो. निर्मात्याच्या नावे सोडून दिला तरी तसा करार निरर्थक ठरतो. म्हणजे तिकीटबारीतला वाटा या कलमाने मिळत नाही, पण टीव्ही आणि ओटीटीचा प्रश्न खुला राहतो.

तरीही प्रत्यक्षातलं चित्र सांगायला हवं. गाण्यांची रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही अशी सोसायटी आहे, गीतकार-संगीतकारांपर्यंत पैसे पोचायची वाट त्यातून तयार झाली. पटकथाकाराच्या हाती आजही मुख्यतः मानधनच पडतं. म्हणून ते वाक्य काढून 'कायद्यानुसार देय रॉयल्टी लेखिकेस मिळेल' असं लिहून घ्याच, पण खरा जोर हप्त्यांवर लावा.

प्रतिसाद २

मी पण नागपूरचाच. ताई, ते 40 टक्के पाहा! म्हणजे 80 हजार रुपये अशा गोष्टीवर टांगलेत जी तुमच्या हातातच नाही. कितीतरी सिनेमे शूट होतात अन् डब्यात पडून राहतात. तुमचं काम अंतिम मसुद्याला संपते, पैसाही तिथंच संपला पाहिजे. फार तर 10 टक्के शूटिंगच्या पहिल्या दिवसापर्यंत ठेवा. अन् मसुदे किती ते लिहून घ्या. 'निर्मात्याचे समाधान होईपर्यंत' असं कुठं लिहिलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर त्याच पैशात वर्षभर लिहीत बसाल. हप्त्यातून 10 टक्के टीडीएस कापला जाईल, तो विवरणपत्रात दाखवता येते.

प्रतिसाद १

एकांकिकेचं राहिलंच. माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात नाजूक मुद्दा हाच आहे. 'सर्व हक्क, सर्व माध्यमं' म्हटलं की त्यात रंगमंचही आला. उद्या तुमच्याच संहितेच्या प्रयोगासाठी तुम्हाला निर्मात्याची परवानगी मागावी लागेल. करारात स्पष्ट लिहा : फक्त एका मराठी चित्रपटाचे हक्क दिले, रंगमंच आणि पुस्तक लेखिकेकडे राखीव, रिमेक व पुढच्या भागासाठी वेगळा करार आणि वेगळं मानधन.

'कायमस्वरूपी'ही तपासा. मुदत लिहिलीच नाही तर कायद्याने पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणूनच 'कायमस्वरूपी' आणि 'जगभरासाठी' हे दोन्ही शब्द मुद्दाम घालतात. ठरावीक काळात शूटिंग सुरू झालं नाही तर हक्क आपोआप परत, हे वाक्य हवंच. श्रेयनामावलीत कथा, पटकथा, संवाद तिन्हींखाली तुमचं नाव, हेही.

आणि संहिता आजच नोंदवा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की ऑनलाइन नोंदणी होते, नागपुरातून जायची गरज नाही. करार वाचून घ्यायलाही तिथे मदत मिळते. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीच्या नोंदणीचं शुल्क 500 रुपये आहे.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. रंगमंचाचा मुद्दा माझ्या ध्यानातही आला नव्हता. एक शेवटची शंका. हे बदल फोनवर बोलू की लेखी पाठवू? लेखी पाठवलं तर ते बिथरतील का, अशी धास्ती वाटते.

प्रतिसाद १

ईमेलच करा, भाषा सौम्य ठेवा, प्रत्येक बदलाखाली सुचवलेलं वाक्य तयार देऊन टाका. त्यांच्या वकिलालाही ते सोपं जातं. बिथरायची धास्ती बाळगू नका. लेखी आणि तुमची सही असल्याशिवाय हक्कांचं हस्तांतरण होतच नाही, त्यामुळे तोवर संहिता पूर्णपणे तुमचीच आहे. सोमवार ही तारीख त्यांनी ठरवलेली आहे, कायद्याने नाही. आणि पहिला हप्ता खात्यात जमा होईपर्यंत पटकथेचं एक पानही पाठवू नका.