पावसाळ्यात पिल्ले कवचातच का मरतात?

प्रश्न : आम्ही कोकणात गावरान कोंबडीची अंडी पंख्याच्या छोट्या यंत्रात उबवतो. तापमान 37.5 अंशांवर स्थिर असूनही पावसाळ्यात बरीच पिल्ले पूर्ण वाढून कवच न फोडताच मरतात आणि जी बाहेर येतात ती फुगीर व चिकट असतात. असे का होते?

उत्तर 1 : लक्षणे जादा आर्द्रतेची वाटतात. अंड्यातील पाणी हळूहळू उडून बोथट टोकाकडील हवेची पोकळी मोठी व्हावी लागते, कारण पिल्लू पहिला श्वास तिथेच घेते. पोकळी लहान राहिली की ते गुदमरते. 50 ग्रॅमचे अंडे 18 दिवसांत साधारण 6 ग्रॅमने घटायला हवे. वजनकाटा आर्द्रतामापकापेक्षा भरवशाचा, असे माझे मत आहे. पावसाळ्यात पहिले 18 दिवस पाण्याचा ट्रे काढून पाहा. आर्द्रता 50 ते 55 टक्के पुरते.

उत्तर 2 : तापमापीही पडताळा. तापमान कमी असेल तर पिल्ले 21 दिवसांनंतर रेंगाळत निघतात, जास्त असेल तर लवकर आणि बेंबी न मिटलेली.

प्रश्नकर्ता : पिल्ले वेळेवरच निघतात. मग ट्रे कायमचा काढू का?

उत्तर 1 : नाही. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवून आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर न्या आणि पिल्ले निघेपर्यंत झाकण उघडू नका, कारण कोरड्या हवेत आतला पापुद्रा सुकून टोच मारलेल्या पिल्लाला जखडतो.