कुरणातल्या गवताची मोजणी: दोन वर्षांचे आकडे जुळत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या (गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या) गावचा. जामणी, नवेगाव ही गावं जंगलातून बाहेर आली, तिथल्या शेतांची आता कुरणं झाली आहेत. अशाच एका कुरणात आमच्या आज्याची धानाची बांधी होती. त्या जागेवर काय उगवतं, काय मरतं, हे नीट लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही पाच जण खुंट्या ठोकून ५० मीटरची दोरी लावतो, दर १० मीटरवर १ मीटर बाय १ मीटरची चौकट ठेवतो आणि कोणत्या जातीनं किती टक्के जमीन झाकली ते अंदाजानं लिहितो. गेल्या वर्षी मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची गवतं भरपूर होती, तरोटा तुरळक. यंदा सगळीकडे तरोटा आणि रानतुळस ही तणंच दिसतात. कुरण खरंच बिघडलं का?

मला दोन शंका आहेत. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर मोजलं, यंदा पोळा झाल्या झाल्या. यंदा मोजताना गवताला तुरे नव्हते, बरंच 'ओळखलं नाही' असंच लिहावं लागलं. दुसरं म्हणजे एकाच चौकटीला एक जण ३० टक्के म्हणतो, दुसरा ६०. त्यात रानडुकरांनी बऱ्याच खुंट्या उकरून टाकल्या. गेल्या वर्षीचे आकडे वाचवता येतील का?

प्रतिसाद:
दादा, या दोन मोजण्यांची तुलना करूच नका. तरोटा पावसाळी आहे, पोळ्याला जोरात असतो आणि पुढे वाळत जातो. दसऱ्यानंतर त्याच ओळींवर पुन्हा मोजा, अजून वेळ गेलेली नाही. टक्क्यांऐवजी ०-५, ५-२५, २५-५०, ५०-७५, ७५-९५, ९५-१०० असे गट वापरा, आणि पहिल्या काही चौकटी पाचही जणांनी वेगवेगळ्या लिहून ताडून बघा. मारवेलच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं असतं, तुरा नसला तरी ओळखू येतं. खुंट्या जमिनीच्या सपाटीला ठोका, जीपीएसची नोंद ठेवा. रानतुळस मात्र बी धरण्याआधी उपटायला सांगा, मोजून झाल्यावर लगेच.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. चार खुंट्या जागेवर आहेत, तिथूनच ओळ धरतो. एक राहिलं: चितळांच्या चराईचा परिणाम वेगळा काढायला थोडी जागा जाळीनं बंद करावी का? किती मोठी पुरेल?