दोन मोटर, दोन आरसे, एक लेझर: वर्तुळाचं अंडं झालंय

फिरकी

मंडळी, मदत हवी आहे. गेले तीन रविवार लेझरने भिंतीवर नक्षी पाडायचं यंत्र जुळवतेय. मांडणी अगदी साधी आहे. एक लाल लेझर मॉड्यूल, खेळण्यातल्या दोन मोटर, दोन्हींच्या दांड्यावर अडीच सेंटिमीटरचा गोल आरसा जरासा कलता चिकटवलेला. किरण पहिल्या आरशावर पडतो, तिथून दुसऱ्यावर, तिथून भिंतीवर. दोन्ही आरसे किरणाला ४५ अंशांत ठेवलेत, म्हणजे किरण दोनदा काटकोनात वळतो. मोटर आर्डुइनोच्या (कोडवर चालणारा छोटा बोर्ड) पीडब्ल्यूएमवर, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करून वेग ठरवायचा. मध्ये मोटरना वीज पोचवणारा एल२९८एन ड्रायव्हर, सगळ्याला वीज यूएसबीचीच. वेग कमीजास्त करायला दोन पोटेन्शिओमीटर.

नक्षी येते. येते आणि पळते, हे दुखणं.

एक तर नुसती पहिली मोटर चालवली की वर्तुळ यायला हवं, ते अंड्यासारखं येतं. टेप लावून मोजलं: रुंदी ४० सेंटिमीटर, उंची २८. भिंत तीन मीटरवर आहे. दुसरं म्हणजे प्रत्येक रेघेला चिकटून एक फिकट रेघ दिसते, घाईत पुसलेल्या अक्षरासारखी. आणि दोन्ही मोटर लावल्या की एखादं छान फूल जमतं न जमतं तोच विस्कटतं. एका मोटरचा वेग वाढवला की दुसरी आपोआप मंदावते! कोड चार वेळा बदलला, सरासरी काढून बघितली, पोटेन्शिओमीटर बदलले. काही फरक नाही.

आणि हो, काल पहिल्या मोटरचा आरसा सुटून थेट कपाटावर आपटला. ग्लू गनने चिकटवला होता.

---

कॅसेटवाला

कोड बंद करा. तुमच्या एकाही दुखण्याचं मूळ कोडमध्ये नाही. मी तीसेक वर्षं टेपरेकॉर्डर उघडत आलोय. जी वस्तू फिरते, तिच्यात बिघाड बहुतेक वेळा फिरणाऱ्या भागातच असतो.

आधी अंडं. २८ भागिले ४० करा, ०.७ येतात. आता ४५ अंशांचा कोसाइन बघा: ०.७१. उत्तर तिथेच आहे. आरसा जितका हलतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, पण हे दुप्पट फक्त आडव्या दिशेत पूर्ण मिळतं. उभ्या दिशेत त्याला किरण किती तिरका येतोय त्याच्या कोसाइनने गुणायचं. म्हणजे तुमची मोटर वर्तुळच काढतेय, काटकोनाची मांडणी ते चेपतेय. आरसे काटकोनात न ठेवता किरण जवळजवळ आल्या वाटेने परत जाईल असे ठेवा. वरून बघितलं तर चिंचोळा, दाबलेला झेड दिसला पाहिजे. १५ अंशांवर कोसाइन ०.९७ होतो, तेवढा फरक डोळ्याला कळत नाही. आरशांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर ठेवा. याहून बरंच लांब नेलंत तर पहिल्याचं वर्तुळ दुसऱ्या आरशात मावणार नाही आणि नक्षीच्या कडा कापल्या जातील.

फिकट रेघ: घरातल्या आरशाला मुलामा काचेच्या मागे असतो. बहुतेक प्रकाश मागून परततो, पण काचेच्या पुढच्या पृष्ठावरूनही चारेक टक्के परततोच. त्यात काच जराशी उतरती, म्हणजे एका कडेला जाड आणि दुसरीला पातळ असली तर भिंतीपर्यंत जाईस्तोवर दोन्ही किरण फाकतात. पेन्सिलचं टोक आरशाला टेकवून बघा. टोक आणि प्रतिबिंब यांत फट दिसली तर मुलामा मागे. तुम्हाला हवा पुढून मुलामा असलेला, ज्यात टोकाला टोक भिडतं. तो जुन्या हार्ड डिस्कमध्ये फुकट पडलेला असतो, आतली थाळी म्हणजे उत्तम आरसाच. मात्र डेस्कटॉपची थाळी घ्या, ती सहसा ॲल्युमिनियमची असते. लॅपटॉपची बऱ्याचदा काचेची निघते, करवत लावली की चुरा. पत्र्याच्या कात्रीने कापू नका, कड वाकते, आणि वाकलेल्या आरशातून लेझरचा ठिपका ठिपका राहत नाही, त्याची शेपूट होते. थाळी दोन फळ्यांत दाबून बारीक दात्यांच्या हॅकसॉने कापा. आरशावर बोट लावायचं नाही. लागलंच तर पुसत बसू नका, दुसरा तुकडा घ्या.

आता पळणारी नक्षी. एकीचा वेग वाढवला की दुसरी मंदावते हे तुम्हीच लिहिलंय. दोघी एकाच तुटपुंज्या वीजपुरवठ्यावर आहेत, शिवाय एल२९८एन मधल्यामध्ये दोनेक व्होल्ट खातो. पाचातले तीन मोटरपर्यंत पोचतात, आणि तेही भारानुसार हलतात. आर्डुइनो यूएसबीवर राहू दे, मोटरना वेगळा पुरवठा द्या, दोन्हींचा ग्राउंड (ऋण तार) तेवढा एकत्र जोडा. विजेतली खरखर शमवायला प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर टाका.

पण खेळण्यातली मोटर तेवढ्यावर सुधारणार नाही. गरम झाली की वेग बदलते, आत वीज पोचवणारे ब्रश घासले की बदलते. माझं ऐका, भंगारातल्या कॅसेट डेकची मोटर काढा. तिच्या पोटात वेग धरून ठेवणारं सर्किट असतं. कॅसेटमधलं गाणं बेसूर होऊ नये म्हणून केलेली सोय, ती इथे नेमकी कामी येते. बऱ्याच मोटर मिनिटाला २४०० फेऱ्यांच्या असतात, म्हणजे सेकंदाला ४०. पाठीमागे एक बारीक भोक असतं, कधी त्यावर कागद चिकटवलेला असतो. आत स्क्रू आहे, तो हलक्या हाताने फिरवला की वेग बदलतो. हिला पीडब्ल्यूएम द्यायचं नाही, अंगावर लिहिलेला व्होल्टेज सरळ द्यायचा. आणि ती एकाच दिशेने फिरते. उलटी जोडून बघू नका, आतलं सर्किट जाईल. दिशा अंगावर लिहिलेली असते.

दांड्यावर पितळी पुली बसवलेलीच असते, ती काढू नका. तिचं सपाट तोंड म्हणजे आरशाला तयार पाट. एका कडेखाली साध्या कागदाचे तीन-चार पदर सरकवा, पुली सेंटिमीटरभर रुंद असेल तर कल दोन अंशांच्या आसपास येतो. इपॉक्सीने चिकटवा आणि रात्रभर हात लावू नका. ग्लू गनचा डिंक मोटर तापली की मऊ पडतो, तुमचं कपाट याला साक्षी आहे. आरशाचा मध्य दांड्याच्या मध्यावर आला पाहिजे. मिलिमीटरभर सरकला तरी मोटर भुंग्यासारखी घुमायला लागते.

---

पापणी

वरच्या उत्तरात सगळं आलं, फक्त डोळे राहिले.

आरसा सुटला तेव्हा लेझर चालू होता ना? त्या क्षणी किरण कुठे गेला ते सांगता येईल का? नाही येणार. म्हणून सगळं यंत्र खोक्यात बसवा, पुढे फक्त खिडकी. उडालेला आरसाही आतच राहतो. खिडकी डोळ्यांच्या उंचीच्या वर, किरण वरच्या दिशेने.

लेझर एक मिलिवॉटच्या आतला, म्हणजे क्लास २ चा घ्या. त्यात पापणी पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्यात डोळा वाचतो, हा त्या वर्गाचा आधार आहे. स्वस्त मॉड्यूलवर छापलेल्या आकड्यावर भरवसा नको. हिरव्याचा मोह होईल, कारण तेवढ्याच ताकदीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ६५० च्या लालपेक्षा आठेक पट उजळ दिसतो. पण त्या हिरव्यात ८०८ चा डायोड १०६४ चा किरण तयार करतो आणि त्याची तरंगलांबी अर्धी करून ५३२ मिळतो. गाळणी नसेल तर पहिले दोन्ही अदृश्य किरण सोबत बाहेर येतात. जे दिसतच नाही त्याला पापणी काय मिटणार?

फिरता किरण विखुरलेला असतो, थांबलेला एकाच जागी. म्हणून मोटर आधी सुरू, लेझर नंतर. बंद करताना उलट.

---

त्रिज्या

याला सर्रास लिसाजूच्या आकृत्या म्हणतात, तेवढं खोडून काढतो आणि कामाचं सांगतो. लिसाजू या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये कंपन पावणाऱ्या दोन स्वरकाट्यांवर आरसे लावून प्रकाशाचा किरण नाचवला होता. तिथे आरसे पुढेमागे डोलतात, तुमचे गोल फिरतात. तुमची नक्षी म्हणजे वर्तुळावर चालणारं वर्तुळ, स्पायरोग्राफ या दातेरी चकत्यांनी नक्षी काढायच्या खेळण्याच्या जातीचं.

पाकळ्या अशा मोजा. दोन्ही वेगांचं गुणोत्तर लहानात लहान पूर्णांकांत लिहा. मोटर उलटसुलट फिरत असतील तर आकड्यांची बेरीज, एकाच दिशेने असतील तर वजाबाकी. ४० आणि ८० असेल तर २:१, उलट दिशेत तीन पाकळ्या. ५:२ ला सात. वेगवान मोटरचा आरसा कमी कलता ठेवा, नाहीतर पाकळ्यांचा गुंता होतो.

सातच्या पुढे जायचा हट्ट धरू नका. ५:२ मध्ये सावकाश मोटरच्या दोन फेऱ्या झाल्यावर आकृती पूर्ण होते, म्हणजे ४० फेऱ्यांच्या मोटरवर सेकंदाला २० वेळाच. तिथे लुकलुक सुरू होतेच. बिघाड शोधत बसाल म्हणून आधीच सांगतो.

गुणोत्तर केसभर चुकलं की आकृती विस्कटत नाही, अख्खी फिरायला लागते. मला विचाराल तर सगळी गंमत त्यातच आहे.

---

फिरकी

कॅसेटवाले काका, तुमच्या पाया पडते!

झेड दाबला, आज रुंदी ३९ आणि उंची ३८ मोजली. भंगारातल्या डेकमधून एकच मोटर मिळाली, ती पहिल्या आरशाला लावली. दुसरी अजून खेळण्यातलीच, पण वेगळ्या पुरवठ्यावर. थाळीचा पहिला तुकडा कापताना वाकवला, दुसरा जमला. फिकट रेघ गायब.

काल रात्री तीन पाकळ्या आल्या आणि संथ फिरायला लागल्या, तीनपाती पंखा बंद होताना फिरतो तशा. पोटेन्शिओमीटर कणभर हलवला तर थबकल्या आणि उलट्या फिरायला लागल्या. अर्धा तास मी तेवढंच करत बसले होते. मग सातचा प्रयत्न केला. त्रिज्या, लुकलुकतात हो, अगदी तुम्ही म्हणालात तशा.

लाल लेझरच ठेवलाय. यंत्र बुटांच्या खोक्यात गेलंय, आणि लेझरचा स्विच मुद्दाम मोटरच्या स्विचपासून लांब लावलाय.

एक प्रश्न उरला. खेळण्यातली मोटर कमी वेगाला सुरूच होत नाही, नुसती किणकिणते. बोटाने ढकलली की फिरते.

---

कॅसेटवाला

बोट घालू नका, आरशाची कड कापेल. ब्रश आणि बेअरिंगचं घर्षण मोडायला सुरुवातीला जास्त जोर लागतो, एकदा फिरली की कमी जोरावर फिरत राहते. सुरू करताना सेकंदाचा पाचवा भाग पूर्ण पीडब्ल्यूएम द्या, मग हव्या त्या वेगावर आणा. किणकिण म्हणजे पीडब्ल्यूएमची वारंवारता, आर्डुइनो ऊनोच्या बहुतेक पिनांवर ती ४९० हर्ट्झ असते, कानाला ऐकू येणारच.

झालं, शेवटी कोडमध्ये हात घालायला लावलाच मी तुम्हाला.