२०४८ : टाइल सारखीच, मग गुण वेगळे का? गुणगणना समजून घेण्यासाठी सल्ला हवा आहे

धागाकर्ती

नमस्कार. मी पुण्यात राहते आणि माझे वडील सांगलीला असतात. निवृत्तीनंतर त्यांना मोबाइलवरच्या २०४८ या खेळाची गोडी लागली आणि त्यांच्यामुळे ती मलाही लागली. यात पटावरच्या आकड्यांच्या चौकटी, म्हणजे टाइल, बोटाने स्वाइप करून एका बाजूला सरकवायच्या आणि सारख्या आकड्याच्या दोन टाइल जुळवून दुप्पट आकड्याची एक बनवायची असते. गेले वर्षभर आमचा नेम असा आहे की दोघांनी दिवसातून एक डाव मांडायचा, २०४८ ची टाइल तयार झाली की तिथेच थांबायचे आणि रात्रीच्या जेवणानंतर एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवून गुण ताडून पाहायचे. आमच्या रोजच्या फोनची सुरुवातही बहुधा त्या आकड्यांनीच होते, म्हणून हा प्रश्न मला मनापासून सोडवायचा आहे.

परवाच्या डावात बाबांचे गुण २०,१६४ झाले आणि माझे २०,१४४. बाबांच्या पटावर २०४८ खेरीज ८, ४ आणि २ एवढ्याच टाइल उरल्या होत्या. माझ्या पटावर मात्र २०४८ सोबत १६, ८, ४ आणि दोन वेळा २ अशा टाइल होत्या. म्हणजे मी त्यांच्यापेक्षा जास्त जमवूनही माझे गुण वीसने कमी भरले. हे कसे झाले ते आम्हा दोघांनाही उमगले नाही.

बाबांचे म्हणणे असे की ते सावकाश, विचार करून खेळतात आणि खेळ त्याची दखल घेत असावा. मला वाटते की एकाच स्वाइपमध्ये दोन-तीन जोड्या जुळल्या तर काही जादा गुण मिळत असावेत. चालींच्या संख्येचा संबंध असेल, अशीही एक शंका आहे. खेळात गुणांचा आकडा सतत डोळ्यांसमोर असतो, पण तो कसा बनतो हे कुठेही लिहिलेले नाही. हा नियम नेमका काय आहे, तो घरच्या घरी कसा तपासता येईल आणि आम्ही आमची तुलना कशी केली तर ती न्याय्य ठरेल, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

उंबरठा

मूळ खेळापुरते उत्तर सरळ आहे. दोन टाइल जुळून जी नवी टाइल बनते, तिच्यावरचा आकडा तुमच्या गुणांत मिळवला जातो. २ आणि २ जुळून ४ झाले की चार गुण, ६४ आणि ६४ जुळून १२८ झाले की एकशे अठ्ठावीस गुण. याखेरीज वेळ, चाली किंवा पटावरची जागा यांपैकी कशालाही गुण नाहीत.

एका स्वाइपमध्ये अनेक जोड्या जुळल्या तर प्रत्येक जोडीचे गुण मिळतात, पण जादा बक्षीस मिळत नाही. एका ओळीत ४, ४, ४, ४ असतील आणि तुम्ही डावीकडे सरकवले तर ८ आणि ८ बनतात व सोळा गुण मिळतात. ते दोन ८ त्याच स्वाइपमध्ये पुन्हा जुळून १६ होत नाहीत, कारण नुकतीच बनलेली टाइल त्या चालीपुरती पुन्हा जुळू शकत नाही.

हा खेळ गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणाने मार्च २०१४ मध्ये तयार केला आणि त्याचा जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतला सगळा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला ठेवला. त्यामुळे वर सांगितलेला नियम हा अंदाज नाही, तो तिथे कुणालाही वाचता येतो.

शाईपेन

उंबरठा यांनी नियम अचूक सांगितला आहे, पण त्याने वीस गुणांचे कोडे सुटत नाही. दोघांनीही २०४८ बनवले आणि दोघांनाही जुळणीचेच गुण मिळाले, तर फरक आला कुठून? त्याचे मूळ प्रत्येक चालीनंतर आपोआप येणाऱ्या नव्या टाइलमध्ये आहे. मूळ खेळात ही टाइल दहापैकी नऊ वेळा २ ची असते आणि दहापैकी एकदा ४ ची.

सर्व टाइल फक्त २ च्याच आल्या असे आधी धरून चाला. ४ बनवताना एकूण ४ गुण मिळतात. ८ बनवायला दोन ४ लागतात, म्हणून त्यांचे मिळून ८ आणि शेवटच्या जुळणीचे ८, असे १६ गुण होतात. याच रीतीने १६ च्या टाइलमागे ४८ गुण, ३२ मागे १२८, ६४ मागे ३२०, १२८ मागे ७६८, २५६ मागे १,७९२, ५१२ मागे ४,०९६, १०२४ मागे ९,२१६ आणि २०४८ मागे २०,४८० गुण साठलेले असतात. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. २ ला किती वेळा दुप्पट केले म्हणजे ती टाइल मिळते ते मोजायचे आणि त्या संख्येने टाइलच्या आकड्याला गुणायचे. २०४८ साठी दहा वेळा दुप्पट करावे लागते, म्हणून दहा गुणिले २०४८.

आता ४ ची टाइल आयती आली तर काय होते ते पाहा. ती तुम्ही दोन २ जुळवून बनवलेली नसते, त्यामुळे त्या जुळणीचे चार गुण तुम्हाला कधीच मिळत नाहीत. पुढचा सगळा प्रवास मात्र तसाच राहतो. म्हणजे आयत्या आलेल्या प्रत्येक ४ मागे अंतिम गुणांतून बरोबर चार गुण कमी होतात. पटावर अधिक मोलाची टाइल आल्याचा आनंद होतो खरा, पण गुणांच्या हिशेबात ती थोडे नुकसानच करते.

हे तुमच्या डावांना लावू. बाबांच्या पटाचे पूर्ण मोल २०,४८० अधिक ८ चे १६ अधिक ४ चे ४, म्हणजे २०,५०० होते, कारण २ च्या टाइलमागे काहीच गुण नसतात. प्रत्यक्ष गुण २०,१६४ आहेत. फरक ३३६ चा आणि त्याला चारने भागले की ८४. म्हणजे बाबांच्या डावात ४ च्या टाइल चौऱ्याऐंशी वेळा आयत्या आल्या. तुमच्या पटाचे मोल २०,४८० अधिक ४८ अधिक १६ अधिक ४, म्हणजे २०,५४८. त्यातून २०,१४४ वजा केले की ४०४ उरतात, आणि चारने भागल्यावर १०१. तुमच्या पटाचे मोल अठ्ठेचाळीसने जास्त होते, पण तुम्हाला सतरा ४ जास्त आले, त्यांनी अडुसष्ट गुण नेले, आणि वीस गुणांची तूट राहिली.

यातून चालींची संख्याही निघते. बाबांच्या पटावरच्या सर्व टाइलची बेरीज २०६२ आहे. जुळणीने बेरीज बदलत नाही, ती फक्त नव्या टाइल आल्याने वाढते. त्यातले ३३६ हे चौऱ्याऐंशी ४ चे, उरलेले १,७२६ हे ८६३ दोनांचे. एकूण ९४७ टाइल आल्या. त्यांतल्या दोन सुरुवातीलाच पटावर असतात आणि नंतर प्रत्येक चालीला एक येते, म्हणून बाबा ९४५ चाली खेळले. याच रीतीने तुमच्या चाली ९३७ भरतात. स्क्रीनशॉटमधून एवढे सगळे बाहेर काढता येते, याचे मला पहिल्यांदा कळले तेव्हा फार अप्रूप वाटले होते आणि आजही वाटते.

निवांत

शाईपेन यांच्या हिशेबाला एक सावधगिरी जोडतो. २०४८ या नावाने मोबाइलवर असंख्य अॅप आहेत आणि मूळ कोड खुला असल्यामुळे कुणीही त्यात आपले नियम घालू शकतो. काही अॅपमध्ये चाल मागे घेण्याची सोय असते, काहींत मोठे पट असतात. म्हणून आधी आपले अॅप मूळ नियम पाळते का, ते पाहून घ्यावे.

सर्वांत सोपी कसोटी अशी की मूळ नियमात प्रत्येक जुळणीचा आकडा ४ च्या पटीत असतो, त्यामुळे गुणही नेहमी ४ च्या पटीतच असायला हवेत. शेवटचे दोन अंक ४ ने भागले न जाणारे गुण एकदा जरी दिसले, तरी त्या अॅपमध्ये आणखी काहीतरी मिळवले जात आहे हे निश्चित समजावे. दुसरी कसोटी म्हणून नवा डाव सुरू करून पहिल्या वीस चाली कागदावर मांडाव्यात आणि प्रत्येक चालीत काय जुळले व गुण कितीने वाढले ते लिहावे. वेळेचा संशय असेल तर त्यातल्या काही चालींमध्ये मुद्दाम दोन मिनिटे थांबावे. तिसरी कसोटी शाईपेन यांच्या हिशेबातच आहे. आयत्या ४ ची संख्या एकूण टाइलच्या दहाव्या भागाच्या आसपास यायला हवी. ती ऋण आली किंवा अपूर्णांकात आली, तर नियम वेगळा आहे.

धागाकर्ती

आपणा सर्वांची अत्यंत आभारी आहे. आम्ही दोघेही एकच अॅप वापरतो. मागच्या दोन महिन्यांचे स्क्रीनशॉट तपासले आणि त्यांतले सगळे गुण ४ च्या पटीत निघाले. शाईपेन यांची रीत बाबांना फोनवर समजावून सांगितली. ते आयुष्यभर हिशेबाच्या नोकरीत होते, त्यामुळे त्यांना ती माझ्या आधी उमगली.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मोठी टाइल कोपऱ्यात ठेवल्याने गुण वाढतात असे मी अनेकदा ऐकले आहे, ते खरे आहे का? आणि गुणांतला फरक नशिबामुळे पडत असेल, तर आमच्या रोजच्या तुलनेला अर्थ उरतो का?

शाईपेन

कोपऱ्याला स्वतःचे गुण नाहीत. मोठी टाइल एका कोपऱ्यात बसवली आणि तिच्या कडेने उतरत्या क्रमाने बाकीच्या लावल्या, तर लहान टाइल मध्ये अडकत नाहीत आणि डाव लांबतो. गुण वाढतात ते डाव लांबल्यामुळे.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याबद्दल माझे मत जरा ठाम आहे. सुमारे ९४० टाइलमध्ये ४ च्या टाइल सरासरीने चौऱ्याण्णव येतील आणि त्यात नऊ-दहाचा चढउतार नेहमीचाच आहे. म्हणजे परवाच्या ८४ आणि १०१ या दोन्ही संख्यांत काहीही विशेष नाही. पण नशिबापेक्षा मोठी अडचण तुमच्या थांबण्याच्या नियमात आहे. २०४८ बनताच थांबायचे ठरवले, तर २०४८ मागचे गुण दोघांनाही जवळपास सारखेच मिळतात आणि उरलेला फरक मुख्यतः पटावर शिल्लक राहिलेल्या टाइलमधून येतो. ज्याच्या पटावर २०४८ सोबत १२८ ची टाइल पडून आहे, त्याला तिच्या एकटीमुळे सातशेहून अधिक गुण जास्त मिळतात. वास्तविक ती टाइल २०४८ बनवायच्या कामी आलेली नसते. नीटनेटके खेळणाऱ्याच्या पटावर शेवटी फारसे काही उरत नाही आणि म्हणून त्याचे गुण कमी दिसतात. या नियमाखाली जास्त गुण म्हणजे चांगला खेळ असे मानणे हे उलटे मोजमाप आहे.

थांबण्याचा नियम तुम्हाला प्रिय असेल, तर गुणांऐवजी पटावरच्या टाइलची बेरीज पाहावी, असा माझा सल्ला आहे. ती जितकी २०४८ च्या जवळ, तितका डाव स्वच्छ, आणि आयत्या ४ चा तिच्यावर असा परिणाम होत नाही. या मापाने परवा बाबांची बेरीज २०६२ आणि तुमची २०८०, म्हणजे बाबाच पुढे होते. गुणांचीच तुलना करायची असेल, तर २०४८ नंतर खेळ पुढे चालू ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि पट पूर्ण अडेपर्यंत खेळावे. ४०९६ च्या टाइलमागे ४५,०५६ गुण असतात, त्यापुढे चार-चार गुणांचे नशीब नगण्य ठरते.

उंबरठा

शाईपेन यांच्याशी सहमत आहे. फक्त एका दिवसाच्या बेरजेवरूनही निष्कर्ष काढू नये. आठवड्याची सरासरी लिहून ठेवली तर ती अधिक विश्वासार्ह ठरेल.

निवांत

ज्यांना खरोखरच लपवलेली गुणगणना असलेला खेळ हवा असेल, त्यांनी थ्रीज खेळून पाहावा. तो २०४८ च्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २०१४ मध्ये आयफोनवर आला आणि २०४८ ची कल्पना ज्या खेळांच्या परंपरेतून आली, तिच्या मुळाशी तोच आहे. त्यात डाव संपेपर्यंत गुण दाखवलेच जात नाहीत. १ आणि २ जुळून ३ बनतात, त्यानंतर मात्र सारख्याच टाइल जुळतात आणि प्रत्येक स्वाइपला टाइल एकच घर सरकतात.

पट अडल्यावर उरलेल्या प्रत्येक टाइलचे गुण मोजले जातात. ३ चे ३ गुण, ६ चे ९, १२ चे २७, २४ चे ८१, असे प्रत्येक पायरीला तिप्पट होत ७६८ च्या टाइलला १९,६८३ गुण मिळतात. १ आणि २ यांना शून्य. आकडा दुप्पट होतो पण गुण तिप्पट होतात, म्हणून दोन ३८४ वेगवेगळ्या ठेवल्या तर १३,१२२ गुण आणि त्या जुळवल्या तर १९,६८३. २०४८ मध्ये जे जुळवले त्याची नोंद कायम राहते, तर थ्रीजमध्ये शेवटी पटावर जे शिल्लक आहे तेवढेच धरले जाते. मला स्वतःला ही दुसरी पद्धत अधिक कसदार वाटते, कारण तिच्यात पसाऱ्याचे गुण फारच थोडे मिळतात.

धागाकर्ती

थ्रीज माझ्या फोनमध्ये घेतला आहे. बाबांनी मात्र नम्र नकार दिला आणि २०४८ मध्येच राहायचे ठरवले.

आमचा नियम आम्ही बदलला आहे. सोमवार ते शनिवार २०४८ ला थांबून टाइलची बेरीज लिहायची आणि रविवारी पट अडेपर्यंत खेळून गुण लिहायचे. बाबांनी जुन्या वहीत त्यासाठी रकाने आखले असून त्यांत तारीख, बेरीज, आयत्या ४ ची संख्या आणि चाली अशी नोंद ते करतात. काल त्यांची बेरीज २०५४ भरली, पटावर २०४८ सोबत फक्त ४ आणि २ उरले होते. फोन उचलताच त्यांनी मला गुण सांगितलेच नाहीत, आधी बेरीज सांगितली.