पार्क क्योंग-नी: आधी चरित्र की आधी ‘तोजी’?

पानगळ: कोरियन ऐतिहासिक कादंबऱ्या वाचायला घेतल्यात. सगळे पार्क क्योंग-नी यांच्या ‘तोजी’चं (‘जमीन’) नाव घेतात, पण पाच भागांचा पसारा बघून धीर होत नाही. बाईंचं आयुष्य त्यात किती उतरलंय? आधी ते वाचावं का?

नदीकाठ: आधी कादंबरीच वाचा. आयुष्य खडतर होतं खरं. जन्म १९२६चा, तोंगयोंग या बंदराच्या गावी. वडिलांनी आईला टाकलेलं. कोरियन युद्धात नवरा गेला, पुढे काही वर्षांत लहानगा मुलगाही. ‘तोजी’ १९६९ साली क्रमशः सुरू झाली, संपली थेट १५ ऑगस्ट १९९४ला. मधे १९७१मध्ये कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. छातीला पट्टी बांधलेली असतानाच त्या पुन्हा लिहायला बसल्या. १९७४मध्ये जावयाला, कवी किम जी-हा यांना, लष्करी राजवटीने फाशी सुनावली. पुढे ती जन्मठेपेवर आली.

पण एवढं सांगून लोक ‘तोजी’ला एका दुःखी बाईची कैफियत करून टाकतात, ते मला मुळीच पटत नाही. गोष्ट १८९७च्या छुसकला, म्हणजे सुगीच्या सणाला, हादोंग भागातल्या प्योंगसा-री गावात सुरू होते. छ्वे घराण्याची जमीन नातेवाईक बळकावतो. वारस सो-ही मंचुरियातल्या योंगजोंगला जाते, व्यापारात पैसा उभा करते, घरच्याच गड्याशी लग्न करते आणि जमीन सोडवते. शेवट १९४५ला, जपानी राजवटीतून कोरिया मुक्त होतो तेव्हा. राजे-सेनापती जवळपास नाहीतच! कुळं, शिकारी, वाळीत टाकलेले कसाई यांच्या भांडणांतून आणि भुकेतून जपानी अंमल कळत जातो. मला तीच त्यांची खरी थोरवी वाटते.

उंबरठा: सहमत. फक्त वोनजू शहराचं सांगायचं राहिलं. १९८०ला त्या तिथे राहायला गेल्या, उरलेली कादंबरी तिथेच पुरी केली. १९९९मध्ये तोजी सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं. तिथे लिहायला येणाऱ्या लेखकांना त्या स्वतः पिकवलेली भाजी खाऊ घालत. २००८मध्ये गेल्या, दफन तोंगयोंगलाच.

पानगळ: आणि एवढं मोठं झेपलं नाही तर?

नदीकाठ: मग त्यांची १९६२ची ‘किम औषधविक्रेत्याच्या मुली’ घ्या. तोंगयोंगमधलं घर, पाच बहिणी, एकाच खंडात आटोपते. इंग्रजीत मिळते. ‘तोजी’च्या पहिल्या भागाचंही इंग्रजी भाषांतर झालंय. तो घेतलात तर नावं कागदावर मांडत चला, आणि छ्वे घरातल्या यून बाई व तिथलाच दुसरा एक गडी गुछन यांच्यावरची नजर हटवू नका. पुढचं सांगत नाही.