बर्फापेक्षा हवेची गळती जास्त छळते

‘रुळांवरचं बर्फ हटवलं की गाडी धावते’ असं हिवाळ्यातल्या रेल्वेबद्दल कुणी म्हणतं, ते अर्धंच खरं आहे. कॅनडाच्या प्रेअरीत, म्हणजे तिथल्या सपाट गवताळ मैदानांत, खरा घोर एअर ब्रेकचा, म्हणजे दाबाच्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकचा. पारा उणे २५ अंशांखाली गेला की ब्रेक पाइपच्या जोडांतले रबरी वायसर कडक होतात, हवा झिरपते आणि लांबलचक मालगाडीच्या शेपटापर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. म्हणून गाड्या आखूड करतात, वेगही कमी ठेवतात. तेवढ्याच मालाला मग जास्त इंजिनं, जास्त माणसं. त्या थंडीत गाडीच्या कडेने चालत गळती शोधणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि डिझेल इंजिनं? बहुतेकांच्या कूलिंगच्या पाण्यात अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रव्य) नसतं. ते पाणी गोठू नये म्हणून यार्डात उभी असतानाही ती चालू ठेवावी लागतात.