कॉन्स्टंटाईनच्या आधीचं काय?

असं म्हटलं जातं की रोमन बादशहा कॉन्स्टंटाईन नसता तर ख्रिश्चन धर्म पसरलाच नसता. मला हे अर्धवट वाटतं. त्याने 313 साली हा धर्म पाळायला मोकळीक दिली हे बरोबर, पण त्याच्या 200 वर्षं आधीची परिस्थिती बघा ना. साधारण 112 साली प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर, आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागातला, सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो की या ख्रिश्चनांचं करू काय, हे लोण शहरांतच नाही तर खेड्यापाड्यांतही पोचलंय, देवळं ओस पडत चालली होती आणि बळीच्या जनावरांना गिऱ्हाईक मिळेना. माहिती काढायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला, आणि त्या बायका ख्रिश्चन मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सेविकेच्या पदावर होत्या! म्हणजे गुलाम बाईला तिथे पद होतं, हे मला जास्त बोलकं वाटतं. ट्राजनचं उत्तर पण टिपिकल सरकारी, मुद्दाम शोधत फिरू नका, पण गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा करा आणि निनावी तक्रारी घेऊ नका.

त्याच्याही आधी, इसवी सन 50 च्या आसपास जेरुसलेमला ख्रिश्चन पुढाऱ्यांची बैठक झाली आणि ठरलं की ज्यू नसलेल्यांना ख्रिश्चन होण्यासाठी सुंता करून घ्यायची सक्ती नाही. ख्रिश्चन धर्माचा प्रचारक पॉल याच्यासाठीच भांडत होता. माझ्या मते खरा टर्निंग पॉइंट हा, कारण ती अट राहिली असती तर ग्रीक लोक कशाला आले असते? आणि राजधर्म वगैरे तर नंतरच्या थिओडोसियस बादशहाने केला, 380 मध्ये, कॉन्स्टंटाईनने नाही.